येवल्याची घोषणा आणि विधी शिक्षणाचा विचार

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे भरलेल्या दलित वर्ग परिषदेत, आपण हिंदू म्हणून जन्मास आलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केली. धर्मांतराच्या चळवळीचा आरंभ म्हणून या घटनेची नोंद होते व ती यथार्थच आहे. तथापि ही घोषणा करणारे बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. जून १९३५ मध्ये, येवल्याच्या परिषदेपूर्वी जेमतेम चार महिने, त्यांनी हे पद स्वीकारले होते.

कायद्याच्या मर्यादा त्यांना केवळ पुस्तकातून उमगलेल्या नव्हत्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरीही चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला आणि पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. म्हणजे येवल्याच्या व्यासपीठावर बाबासाहेब उभे होते तेव्हा तळ्याचा वाद अनिर्णितच होता. मार्च १९३० मध्ये नाशिकला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रहही फळास आला नव्हता. तो थांबविण्याचा निर्णय येवल्यातच झाला.

पुढे जानेवारी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील विधी शिक्षणाच्या सुधारणेविषयी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. केवळ कायद्याचा अभ्यास वकिलीसाठी अपुरा आहे, त्यास पूरक विषयांची जोड हवी, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. हा लेख आणि येवल्याची घोषणा यांत थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु ठराव संमत होऊनही पाणी मिळत नाही, हा अनुभव घेतलेल्या प्राचार्याला निव्वळ कलमे पाठ करणारा विद्यार्थी अपुरा वाटावा, यात नवल नाही. परीक्षेपुरते कायदे शिकविण्याची आपल्या महाविद्यालयांतील सवय पाहता त्या लेखाचे वाचन आजही उपयुक्त ठरेल.

१९३८ मध्ये बाबासाहेबांनी प्राचार्यपद सोडले. १९४५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले ते १९५६ मध्ये. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे येवल्याची प्रतिज्ञा पूर्ण झाली.