बाटलीवरचा चेहरा



कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात सेंट हेलेना नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील काही मित्रांनी १९८५ च्या हंगामातील मर्लो द्राक्षांची तांबडी वाइन बाटल्यांत भरली आणि तिला ‘मेरिलिन मर्लो’ असे नाव दिले. प्रख्यात नटी मेरिलिन मन्रो हिच्या नावावरची ही कोटी. लेबलावर अर्थातच तिचे छायाचित्र आले. पुढे त्याच घराण्यातून एक पांढरी वाइनही निघाली. तिचे द्राक्ष सोविन्यों ब्लाँ. ‘ब्लाँ’ म्हणजे पांढरा. त्या एका शब्दात किंचित फेरफार करून तिचे नाव ‘सोविन्यों ब्लाँड’, म्हणजे सोनेरी केसांची, असे ठेवण्यात आले.

हे द्राक्ष मूळ फ्रान्सचे. त्याचा फळा कोवळेपणाकडे झुकलेला असतानाच तोडतात, कारण पुढे साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. रस थंड राखलेल्या पोलादी टाक्यांत आंबवितात. म्हणूनच ही वाइन जिभेला तरतरी आणते. तिला नुकत्याच कापलेल्या गवताचा किंवा ढोबळ्या मिरचीचा जो वास येतो, तो केवळ कविकल्पना नव्हे. मिरचीतील गंधद्रव्यच या द्राक्षातही असते. आपल्या नाशिकच्या मातीतही २००० पासून या द्राक्षाची वाइन निघू लागली आहे.

कॅलिफोर्नियात द्राक्षवेल रुजविली ती फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी, १७६९ पासून वसविलेल्या आपल्या मिशनांतून, मुख्यतः मिस्सासाठी. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ‘बोलियू’सारखे मळे तगले तेही वेदीवरच्या वाइनच्या आधारावर. त्या बाटल्यांना कोणाच्या मुखड्याची गरज भासली नाही! दारूबंदी उठल्यावर मात्र नावाचा बाजार सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट मोंडावी यांनी, गोडसर व हलकी म्हणून बदनाम झालेल्या सोविन्यों ब्लाँला कोरडे रूप देऊन ‘फ्यूमे ब्लाँ’ असे नवे नाव दिले आणि ती खपली. विशेष हे की, त्या नावावर त्यांनी मालकी सांगितली नाही. इतरांनाही ते मोकळे ठेवले.

मेरिलिनच्या नावाचे तसे झाले नाही. १९४९ मध्ये, पैशाची चणचण असताना, तिने टॉम केली या छायाचित्रकारासमोर तांबड्या मखमलीवर विवस्त्र छायाचित्रे काढून घेतली. मोबदला ५० डॉलर. संमतिपत्रावर सही ‘मोना मन्रो’ या खोट्या नावाने. त्यांतील एक चित्र १९५३ मध्ये ह्यू हेफनर यांनी कॅलेंडरवाल्यांकडून ५०० डॉलरला घेऊन आपल्या नव्या मासिकात छापले. तिला त्यातले काहीच मिळाले नाही. ही मखमली चित्रे पुढे मेरिलिन वाइनच्या एका महागड्या मालिकेवरही झळकली.

१९६२ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ती गेली. मृत्युपत्रान्वये मालमत्तेचा मोठा हिस्सा तिचे अभिनयगुरू ली स्ट्रासबर्ग यांना मिळाला. ते १९८२ मध्ये वारल्यावर तो त्यांच्या तिसऱ्या पत्नीकडे गेला. मेरिलिनशी या बाईंचा परिचय नावापुरताच. तरीही त्या चेहऱ्याचे परवाने देण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला. २०११ मध्ये तोही एका व्यापारी कंपनीला विकला गेला. मला यात मोठा विपर्यास वाटतो.

मृत व्यक्तीच्या प्रतिमेवर वारसांचा हक्क मानणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९८५ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या मर्लोच्या वर्षीच, अमलात आला. २००७ मध्ये तो पूर्वीच्या मृतांनाही लागू असल्याचे स्पष्ट करण्यात आले. परंतु छायाचित्रकारांच्या वारसांशी वाद न्यायालयात गेला, तेव्हा जुने कागद बाहेर निघाले. मेरिलिन मृत्युसमयी न्यूयॉर्कची रहिवासी होती असे तिच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी सांगून ठेवले होते. त्यामुळे कॅलिफोर्नियाचा वारसाकर वाचला होता. आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मृतांच्या प्रतिमेला असा हक्कच नव्हता. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, करासाठी एक गाव आणि परवान्यासाठी दुसरे, असे चालणार नाही. व्यापारचिन्हाचा प्रश्न निराळा असल्याने परवान्यांचा धंदा त्यानंतरही थांबला नाही.