न धुतलेला रोल

लोणावळ्यात फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे वर्षभर बोरघाट धुवायचा. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो सगळीकडेच असतात. आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या रोलमध्ये एक ठरलेला ऐवज असायचा, तो म्हणजे धावत्या गाडीतून टिपलेला घाट. कोपऱ्यात खिडकीचा गज, मधोमध ओल्या फडक्याने पुसल्यासारखा विजेचा खांब, आणि मागे कुठेतरी धबधबा. गिऱ्हाईक प्रिंट उलटीसुलटी करून म्हणायचं, "काका, धुताना काहीतरी गडबड झाली." बाबा शांतपणे निगेटिव्ह उजेडात धरून दाखवायचे. गडबड धुण्यात नसायची, हिशेबात असायची.

बाबांच्या काळी मध्यमवर्गीय घरात असायचा तो आग्फाचा क्लिक थ्री. १२० नंबरच्या रोलवर १२ चौकोनी फोटो, आणि शटरचा वेग एकच, साधारण एक तीसांश सेकंद. गाडी ताशी ३६ किलोमीटरने चालली तर सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे शटर उघडून मिटेपर्यंत फूटभर पुढे सरकते. रुळाजवळचा खांब तेवढाच फरफटतो. दूरचा डोंगर फार हलत नाही, तो शाबूत राहतो. म्हणून बाबा रोल विकतानाच सांगायचे, खिडकीच्या काटकोनात काढू नका, तिरपा धरा, पुढे किंवा मागे बघून काढा. कर्जतला गाडीच्या शेपटाला ढकलायला बँकर इंजिनं लागतात. मागच्या डब्यात बसलात तर वळणावर ते बँकर दिसतात, पुढच्या डब्यात बसलात तर पुढचं इंजिन. १९२८ पासून मालगाड्या ओढणारं, दांडे फिरवत डुलत जाणारं ते इंजिन, ज्याला रेल्वेची माणसं खेकडा म्हणत, ते आमच्याकडच्या कितीतरी निगेटिव्हवर असंच तिरकं येऊन गेलं आहे.

घाटाचे अगदी सुरुवातीचे फोटो मात्र गाडीतून काढलेले नाहीत, कारण गाडी अजून यायची होती. रेल्वेमार्गाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस इंग्लंडला परत गेली असती तर कुणी बोल लावला नसता. तिने ठेका चालू ठेवला, कामावर दोन इंजिनियर नेमले, आणि १८६३ मध्ये घाट पुरा झाला. ३७ फुटांना एक फूट असा चढ, २५ बोगदे, आणि एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर. पटकीने त्यांतले किती गेले, त्याचं स्मारक घाटात मला तरी कुठे दिसलेलं नाही. या ॲलिसबाईंनी कामाचे फोटोही काढले. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असेतो कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. काच उघडी ठेवावी लागे ती काही सेकंद. दगडी कमान स्पष्ट यायची, हललेला मजूर पुसट व्हायचा.

मला यात एक गंमत वाटते. पूल, बोगदे, भराव, पुढे ज्यांचे फोटो काढू नका म्हणून पाट्या लागल्या त्या जातीच्या सगळ्या गोष्टी, घाट पुरा व्हायच्या आत काचेवर उतरल्या होत्या.

पाट्यांच्या मुळाशी जो कायदा आहे तो १९२३ चा, शासकीय गुपितांचा. त्याआधी १८८९ चाही एक होता. हेरगिरीची धास्ती इंग्रजांची, पण स्वातंत्र्यानंतरही कायदा आपल्याकडे राहिला. लष्कराच्या, नौदलाच्या जागा त्यात निषिद्ध स्थळं ठरतात, आणि सरकारने तसं जाहीर केलं तर रेल्वे, रस्ते, पूलही. नकाशा काढणं आणि फोटो काढणं त्यात एकाच पंक्तीला बसवलं आहे. आमच्या धंद्याला झोंबणारी गोष्ट पुढे आहे: न धुतलेली फिल्मसुद्धा या कायद्याने फोटोच मानली जाते. म्हणजे गिऱ्हाइकाने काउंटरवर ठेवलेल्या डबीत काय आहे हे त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, तरी कायद्याच्या लेखी तो फोटो होऊन बसलेला. गुन्हा व्हायला देशाला बाधा आणणारा हेतू लागतो हे खरं. पण हेतू डबीवर लिहिलेला नसतो.

लोणावळ्यात ही नुसती पुस्तकी भीती नव्हती. भुशी धरणाच्या भागातच आयएनएस शिवाजी आहे. नौदलाची ही इंजिनियरिंग शिकवणारी संस्था १९४५ पासून इथे आहे. सहलीच्या बसमधून पोरं कॅमेरा बाहेर काढून जे दिसेल ते टिपत, आणि त्यात कधी फाटक, कधी भिंतीवरची पाटी यायची. फोटो काढू नये, असं लिहिलेल्या पाटीचाच फोटो! १९७१ च्या लढाईनंतर बाबा अशी फ्रेम आली की बाकीच्या प्रिंट काढायचे, ती सोडायचे आणि पैसेही अकराचेच घ्यायचे. गिऱ्हाइकाने विचारलं तर, "ती हलली होती." खोटं बोलण्याचा त्यांना कंटाळा होता, पण हे एक खोटं त्यांनी आयुष्यभर सुखाने वापरलं.

खरा जीव जात असे तो दुसरीकडे. चांगला फोटो गजातून येत नाही, म्हणून माणूस दारात जातो. दारातून दिसत नाही, म्हणून पायरीवर उतरतो, एका हाताने दांडा, दुसऱ्या हातात कॅमेरा. आणि बोगद्याचा दगड डब्यापासून किती जवळून जातो हे बसल्या जागेवरून कळतच नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलम १५६ यासाठीच आहे. टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर प्रवास करणारा सांगूनही ऐकेना तर ३ महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी तर म्हणेन, पुलांवरच्या पाट्यांचा निम्मा रंग डब्याच्या दारांवर वापरला असता तर बरं झालं असतं.

फोटोच्या बाबतीत विमानाचा नियम रेल्वेपेक्षा कडक. १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढू देत नाही. ढगांचे फोटो सगळेच काढत आले, आणि २००४ मध्ये प्रवाशांना अधिकृत सूट मिळाली. २०२० च्या सप्टेंबरात चंदीगडहून मुंबईला येणाऱ्या विमानात एका अभिनेत्रीभोवती कॅमेरेवाल्यांनी गर्दी केली. तेव्हा हवाई खात्याने दम भरला, पुन्हा असं झालं तर त्या मार्गावरचं ते विमान दोन आठवडे बंद. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की साध्या प्रवाशाने खिडकीतून काढायला हरकत नाही. आपलं पुण्याचं लोहगाव मात्र हवाई दलाचं, तिथे कॅमेरा खाली ठेवा म्हणून सांगतात. २०२५ च्या मे महिन्यात तर लष्करी तळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, विमान १०,००० फुटांवर जाईपर्यंत खिडकीचे पडदेच ओढून घ्यायचा हुकूम निघाला.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर न्याय उलटा आहे. मागे बसून चालत्या मोटारीतून हवे तेवढे फोटो काढा, कोणी विचारत नाही. गाडी कडेला घेऊन थांबलात की गुन्हा. खंडाळ्याजवळचा १८३० चा अमृतांजन पूल पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी असा जाता जाता टिपला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, तो सुरुंग लावून पाडला. पुढे दुकान उघडलं तेव्हा त्याच्या मोठ्या प्रिंट करून घ्यायला माणसं येऊ लागली. कुणाचे जुने रोल, कुणाचे मोबाईल. बहुतेकांत पूल वाकडा, पुसट, पुढच्या काचेवरच्या गणपतीआड अर्धा झाकलेला. मोजक्या काही फोटोंत मात्र कमानीचा दगड न्‌ दगड मोजून घ्यावा इतका स्वच्छ. त्या गिऱ्हाइकांना मी साइझ विचारली, ग्लॉसी की मॅट ते विचारलं. गाडी कुठे उभी केली होती, ते नाही विचारलं.