एका एकवीस अंकी संख्येची उलटतपासणी

१/ १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात उणे १. एका विद्वानाच्या शब्दावर ती २३२ वर्षे मूळ संख्यांच्या यादीत राहिली. तो शब्द चुकीचा होता. चूक कशी उघडकीस आली आणि त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध कथेवर कितपत विसंबावे, याविषयी हा धागा.

२/ १ आणि स्वतः यांखेरीज जिला कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. १६४४ मध्ये पॅरिसचे धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी लिहिले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे अकराच घातांक या रीतीने मूळ संख्या देतात.

३/ सिद्धता त्यांनी दिली नाही. परंतु देकार्त आणि फर्मा यांच्यासारखे विद्वान ज्यांच्याशी पत्रव्यवहार करीत, त्यांच्या विधानाला वजन होते. शिवाय एवढी मोठी संख्या हाताने तपासणार कोण?

४/ १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी वेगळी वाट धरली. मूळ संख्येत जो गुणधर्म असलाच पाहिजे, तो या संख्येत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणजे ती संयुक्त ठरली. मात्र तिचा एकही अवयव हाती लागला नव्हता.

५/ अवयव शोधायला एक आधार होता. या संख्येला भागणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येला १३४ ने भागले, तर बाकी १ च उरते. तरीही सर्वांत लहान अवयव १३४ × १४,४५,५८० + १ इतका दूर होता. एकेक भागाकार करून तेथवर पोहोचणे एका माणसाला जवळजवळ अशक्य.

६/ अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने शक्यता छाटत नेल्या. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी उत्तर मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

७/ कथा अशी: कोल अवाक्षर न काढता फळ्यापाशी गेले, एका बाजूस घात काढला, दुसऱ्या बाजूस गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळताच टाळ्या पडल्या. किती काळ लागला, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते, तीन वर्षांचे रविवार.

८/ ही कथा सर्वत्र पसरली ती एरिक टेम्पल बेल यांच्या १९५१ च्या पुस्तकातून, म्हणजे सभेनंतर ४८ वर्षांनी. कोल यांचा निबंध मात्र १९०३ मध्येच सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे दोन पुरावे एकाच तागडीत घालू नयेत. कथा खोटी आहे असे नव्हे. ती आठवण आहे, आणि निबंध हा त्या काळचा दस्तऐवज आहे.

९/ पुढे मेर्सेन यांच्या यादीत एकूण पाच चुका निघाल्या: ६७ आणि २५७ नको होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. तरीही अशा मूळ संख्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात, कारण प्रश्न त्यांनी मोलाचा विचारला होता.

१०/ आता कागद-पेन्सिल घ्या आणि सहाव्या भागातला गुणाकार स्वतः करून पाहा. त्यासाठी मेर्सेन, कोल, बेल किंवा माझ्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही.