विद्यापीठांच्या आवारातील बिनतारी जाळे आणि रोमिंगचा प्रश्न

वर्गातून ग्रंथालयाकडे आणि ग्रंथालयातून वसतिगृहाकडे चालत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातील उपकरणाचा जाळ्याशी असलेला संबंध वाटेत कोठेही तुटू नये, ही अपेक्षा आज गृहीत धरली जाते; पण ती पुरी करणारी रचना घडायला अनेक वर्षे लागली आणि त्या घडणीचे मुख्य क्षेत्र विद्यापीठांची आवारे हेच होते. इमारतीच्या भिंतीवर किंवा छताला बसवलेले, एका बाजूने तारेच्या जाळ्याशी जोडलेले आणि दुसऱ्या बाजूने रेडिओलहरींवर उपकरणांशी बोलणारे जे यंत्र, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. आणि चालू असलेले काम न थांबवता उपकरणाने एका ॲक्सेस पॉइंटचा हात सोडून दुसऱ्याचा धरणे, याला रोमिंग म्हणतात. मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यात हा बदल कधी करायचा हे प्रामुख्याने जाळे ठरवते, तर वायफायमध्ये तो निर्णय उपकरणाकडे असतो. जाळे उभारणाऱ्यांच्या हाती नसलेला हा निर्णय निदान योग्य वेळी घेतला जावा, यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीतूनच या क्षेत्राचा बराचसा इतिहास घडला आहे.

बिनतारी संगणकजाळ्याचा आरंभही विद्यापीठातच झाला. हवाई विद्यापीठाची केंद्रे निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली होती आणि त्यांना मुख्य संगणकाशी जोडण्यासाठी दूरध्वनीच्या तारा सोयीच्या नव्हत्या, म्हणून नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ हे रेडिओवर चालणारे जाळे सुरू केले. प्रत्येक केंद्राने आपल्याला हवे तेव्हा संदेश सोडावा आणि दुसऱ्या कोणाच्या संदेशाशी टक्कर होऊन तो निकामी झाल्यास थोड्या वेळाने पुन्हा पाठवावा, एवढाच त्याचा नियम होता. अशा मोकळ्या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जेमतेम १८ टक्के भागच उपयोगी पडतो, हे गणिताने दाखवून दिले. तरीही अनेकांनी एकच लहर वाटून घेण्याची ही कल्पना पुढे इथरनेटमध्ये सुधारून आली आणि तिचाच वारसा, आधी ऐकावे आणि मग बोलावे या नियमाची जोड घेऊन, वायफायपर्यंत पोचला. रोमिंगचा प्रश्न मात्र तेव्हा उद्भवलाच नाही, कारण अलोहानेटची यंत्रे जागची हलणारी नव्हती.

१९८५ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, २.४ गिगाहर्ट्झचा आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असे तीन पट्टे परवान्याशिवाय वापरण्यास मोकळे केले. परवाना नाही म्हणजे लहरींवर कोणाची मालकी नाही आणि शेजाऱ्याच्या गोंगाटाविरुद्ध दादही नाही. मोबाइल कंपन्यांनी विकत घेतलेल्या पट्ट्यात जी शिस्त लावता येते ती येथे शक्य नव्हती, आणि जाळ्याच्या आराखड्याला पुढे जे महत्त्व आले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. या पट्ट्यांसाठी एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ हे उपकरण तयार केले. तेथीलच व्हिक हेज हे वायफायच्या ८०२.११ या मानकासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले.

आवारभर पसरलेले बिनतारी जाळे म्हणजे काय, याचा पहिला मोठा प्रयोग पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. विद्यापीठाच्या नावातील अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन यांच्यावरून तेथील संगणकव्यवस्थेला ‘अँड्र्यू’ असे नाव होते, त्यामुळे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ॲलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेले हे जाळे ‘वायरलेस अँड्र्यू’ ठरले. आरंभी ते संशोधकांसाठी मोजक्या इमारतींपुरते होते आणि मानक ठरण्याआधीच्या वेव्हलॅनवर चालत होते. दशक संपता संपता ते नव्या मानकानुसार साऱ्या आवारात नेण्याचे काम हाती घेण्यात आले. या विस्ताराच्या अनुभवातून हिल्स यांनी आराखड्याची जी पद्धत २००१ साली लेखरूपाने मांडली, ती आजही या व्यवसायाचा पाया मानावी अशी आहे.

त्या पद्धतीचा गाभा असा, की इमारतीच्या नकाशावर वर्तुळे काढून ॲक्सेस पॉइंटची जागा ठरवता येत नाही. नकाशात सारख्याच जाडीच्या दिसणाऱ्या दोन भिंतींपैकी एक पोकळ असते आणि दुसरीत गिलाव्याखाली लोखंडी जाळी असते. पहिलीतून लहर सहज पार होते, दुसरीशी ती अडते. लिफ्टचा पोलादी कप्पा, पुस्तकांनी भरलेल्या कपाटांच्या रांगा, पाण्याचे नळ जाणारा कोनाडा, यांतील प्रत्येक गोष्ट लहरीचा जोर आपापल्या परीने कमी करते. म्हणून आधी अंदाजाने एक ॲक्सेस पॉइंट तात्पुरता ठेवायचा, हातात लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून, जिन्यांवरून आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरून फिरत संकेताचा जोर मोजायचा, त्याची हद्द नकाशावर उतरवायची आणि मग शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची जागा अशी निवडायची की दोघांच्या हद्दींमध्ये फट राहणार नाही आणि त्या गरजेपेक्षा जास्त एकमेकींवर चढणारही नाहीत. लहर मजल्याच्या स्लॅबमधूनही जात असल्यामुळे हे सारे त्रिमितीत करावे लागते. त्यानंतर येते चॅनलवाटप. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत अकरा चॅनल दिले असले, तरी त्यांचे मध्य एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २२ मेगाहर्ट्झ, त्यामुळे एकमेकांत न मिसळणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढे तीनच उरतात. आणि नकाशातील शेजारी प्रांतांना वेगवेगळे रंग देण्याचा जो प्रश्न गणितात प्रसिद्ध आहे, तोच येथे तीन रंगांत आणि अनेक मजल्यांवर सोडवावा लागतो. हिल्स यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला: कोठेही पोकळी राहू नये एवढेच पाहणारा आराखडा वेगळा आणि एका व्याख्यानगृहात एकाच वेळी शेकडो उपकरणे सामावून घेणारा आराखडा वेगळा. रोमिंगच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे, कारण गर्दीसाठी ॲक्सेस पॉइंट जवळजवळ बसवले की उपकरणापुढचे पर्यायही तेवढेच वाढतात.

ज्या मानकावर हा सारा डोलारा उभा राहिला, ते ८०२.११ जून १९९७मध्ये मंजूर झाले. उपकरणाने एका ॲक्सेस पॉइंटशी कसे जोडून घ्यावे आणि तेथून दुसऱ्याकडे पुन्हा कसे जोडून घ्यावे, यांचे संदेश त्यात नेमके सांगितले होते. परंतु जागा केव्हा बदलावी, किती क्षीण झालेला संकेत हा फार क्षीण समजावा, हे त्यात सांगितलेले नव्हते. तो भाग उपकरणांतील वायफाय कार्डे बनवणाऱ्या कंपन्यांवर सोडला होता. निरोप घेतलेल्या ॲक्सेस पॉइंटने नव्याला काय कळवावे, तेही अनिर्णित राहिले. ती उणीव भरून काढण्यासाठी २००३ साली ८०२.११-एफ ही शिफारस प्रायोगिक स्वरूपात आली आणि २००६ साली मागे घेतली गेली. उत्पादकांना मोकळीक दिल्यामुळे वायफाय स्वस्त झाले आणि झपाट्याने पसरले, ही गोष्ट मान्य करावीच लागते. मात्र त्या मोकळिकीची किंमत आवारे सांभाळणाऱ्यांनी मोजली.

ही किंमत प्रथम व्यवस्थित मोजली गेली ती न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर येथे, डार्टमथ महाविद्यालयात. २००१ साली तेथे १६१ इमारतींत ४७६ ॲक्सेस पॉइंट बसले होते. डेव्हिड कोट्झ आणि कोबी एसिएन यांनी त्या वर्षी अकरा आठवडे सुमारे दोन हजार वापरकर्त्यांची वाहतूक नोंदवली, तेव्हा अनेक कार्डे कोणत्याही एका ॲक्सेस पॉइंटवर स्थिरावू न शकता वाजवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा जागा बदलत असल्याचे आढळले. दोन संकेत जवळपास सारख्या जोराचे असले आणि कार्डाचा उंबरठा उतावळा असला, की दार उघडल्याने किंवा एखादा माणूस मधून गेल्याने होणारा फरकही त्याला हलवायला पुरतो. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. संगणकजाळे ज्या लहान विभागांत वाटलेले असते त्यांना सबनेट म्हणतात, आणि प्रत्येक सबनेटचे स्वतःचे पत्ते असतात. शेजारच्या इमारतीचा ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या सबनेटमध्ये असला, तर तेथे जाताच उपकरणाचा पत्ता निरुपयोगी होतो आणि चालू असलेला संवाद तुटतो. याच महाविद्यालयात २००३–०४मध्ये सात हजारांहून अधिक वापरकर्त्यांचा सतरा आठवडे पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा निम्मे वापरकर्ते सुमारे ९८ टक्के वेळ आपल्या नेहमीच्या जागेच्या आसपासच असतात असे दिसले. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की जाणवते ते असे, की रोमिंगचा त्रास चालणाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता. बसलेल्या माणसाच्या उपकरणालाही आराखडा अस्थिर करू शकत होता.

सबनेटच्या अडचणीवर आवारातील सारे बिनतारी जाळे एकाच सबनेटमध्ये ठेवणे हा सोपा उपाय होता, पण सर्वांना उद्देशून सुटणारे संदेश प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवरून हवेत जात असल्यामुळे वापरकर्ते वाढले की तो जड होत असे. शेवटी टिकला तो मध्यवर्ती नियंत्रकाचा मार्ग: ॲक्सेस पॉइंटांकडे केवळ रेडिओचे काम ठेवायचे आणि त्यांची सारी वाहतूक एका नियंत्रकाकडे न्यायची, म्हणजे उपकरण कोठेही गेले तरी त्याचा पत्ता तोच राहतो. या शतकाच्या पहिल्या दशकात ही रचना मोठ्या आवारांमध्ये रूढ झाली.

तोवर वायफायवरून दूरध्वनी सुरू झाले होते आणि रोमिंगला लागणारा वेळ हा कळीचा मुद्दा बनला होता. मेरीलँड विद्यापीठातील अरुणेश मिश्रा, मिन्हो शिन आणि विल्यम अर्बाग यांनी २००३ साली दाखवून दिले की या वेळेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ नवा ॲक्सेस पॉइंट शोधण्यातच जातो, कारण उपकरण एकेका चॅनलवर जाऊन हाक मारते आणि उत्तराची वाट पाहत थांबते. त्याच सुमारास सुरक्षेची बाजूही बदलली. डब्ल्यूईपी हे मूळ कुलूप २००१मध्ये फोडले गेल्यावर २००४च्या ८०२.११-आय मानकाने भक्कम व्यवस्था आणली. पण विद्यापीठांनी स्वीकारलेल्या तिच्या प्रकारात प्रत्येक वापरकर्त्याची ओळख सर्व्हरकडून पटवून घेण्याची लांबलचक देवाणघेवाण होती, आणि जागा बदलताना ती पुन्हा करावी लागली तर बोलणे मध्येच खंडित होई. २००८ साली आलेल्या दोन सुधारणांनी या दोन दुखण्यांवर इलाज केला: ८०२.११-केमुळे ॲक्सेस पॉइंट आपल्या शेजाऱ्यांची यादी उपकरणाला देऊ लागला आणि शोध लहान झाला, तर ८०२.११-आरमुळे एकदा पटलेल्या ओळखीवरून पुढच्या किल्ल्या आधीच तयार ठेवता येऊ लागल्या. २०११च्या ८०२.११-व्हीने जाळ्याला उपकरणाकडे जागा बदलण्याची विनंती करण्याची सोय दिली, पण ती मानायची की नाही हे उपकरणच ठरवते.

एका विद्यापीठाचे सदस्य दुसऱ्याच्या आवारात गेले तर काय, या प्रश्नाला नेदरलँड्सच्या सर्फनेट या शैक्षणिक जाळ्यातील क्लास विरेंगा यांनी २००२मध्ये उत्तर सुचवले. पाहुण्याची ओळख त्याच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरकडून पटवून घेणारी ही ‘एज्युरोम’ व्यवस्था आज जगभर पसरली असून भारतात ती अर्नेट ही संस्था चालवते. भारतातील आवारांपुढची मुख्य अट मात्र काही काळ कायद्याचीच होती. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा येथे जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सवलत तेव्हा इमारतीच्या आतल्या वापरापुरती होती आणि उघड्यावर तो पट्टा विस्ताराने वापरण्याची मोकळीक ऑक्टोबर २०१८मध्ये मिळाली. प्रशस्त मैदाने आणि एकमेकांपासून दूर असलेल्या इमारती असणाऱ्या आवारांच्या दृष्टीने ही दुसरी तारीख पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण तीनच चॅनलांवर बाहेरचा रस्ता आणि आतले वर्ग दोन्ही चालवण्याची सक्ती तिने संपवली.

विटांच्या भिंती आणि लांब व्हरांडे असलेल्या वसतिगृहांत मात्र जुना धडा नव्याने गिरवावा लागतो. खर्च वाचावा म्हणून व्हरांड्यात ओळीने बसवलेले ॲक्सेस पॉइंट एकमेकांना टोकापासून टोकापर्यंत ऐकतात आणि एकाच चॅनलवर एकमेकांची वाट अडवतात, तर खोलीतल्या विद्यार्थ्याला दारापलीकडून येणारा क्षीण संकेत मिळतो. तेच यंत्र दोन-तीन खोल्यांआड खोलीच्या आत बसवले की भिंतीच त्याची हद्द आखून देतात. त्यासोबत प्रक्षेपणाची शक्ती कमी ठेवली आणि १ व २ मेगाबिटचे जुने संथ वेग बंद केले, तर मागे राहिलेल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसलेल्या उपकरणाला तो दुरून ऐकू येईनासा होतो आणि ते स्वतःहून जवळचा शोधू लागते.