बालसुधार संस्थांतील कर्मचाऱ्यांचे वर्तन व सुरक्षितता : चंद्रपूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी मराठी घरांत कित्येक पिढ्या चालत आलेली आहे. कायद्याच्या भाषेतून 'रिमांड होम' हा शब्द केव्हाच गेला. त्याच्या जागी निरीक्षणगृह, विशेष गृह, सुरक्षित स्थान असे शब्द आले. तरीही लोकांच्या मनातील भीती गेली नाही. ही भीती इमारतीची किंवा कुंपणाची नसते. त्या इमारतीत रात्री मुलांच्या उशाशी कोण असते, याची ती असते. अधीक्षक, परिवीक्षा अधिकारी, काळजीवाहक, पहारेकरी आणि स्वयंपाकी या माणसांवर संस्थेचे भले-बुरे अवलंबून असते, परंतु बाल न्यायाच्या इतिहासलेखनात ती फारशी दिसत नाहीत. अधिनियमांचा इतिहास लिहिला गेला, अंमलदारांचा राहून गेला. प्रस्तुत निबंधात या कर्मचारीवर्गाच्या वर्तनाचा आणि त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न कसा घडत गेला याचा मागोवा घेतला असून, चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती या डोंगराळ तालुक्याच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

शिक्षावही आणि रात्र

पश्चिम भारतात या संस्थांचा आरंभ १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारशाळेपासून धरला जातो. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या अधिनियमाची पार्श्वभूमी तिला होती. गुन्हेगार किंवा निराधार मुलाला धंदा शिकवला की तो सुधारतो, ही त्या काळची धारणा. पुढे १८७६ आणि १८९७ असे सुधारशाळांचे दोन अधिनियम झाले. त्याच काळात १८६४ च्या फटक्यांच्या अधिनियमानुसार अल्पवयीन गुन्हेगाराला वेताचे फटके मारण्याची शिक्षा न्यायालये देत होती आणि ती थेट १९५५ मध्ये रद्द झाली. म्हणजे सुधारशाळेतील शिक्षक वा पहारेकरी ज्या समाजातून येत होता, त्या समाजात खुद्द न्यायाधीशच मुलाला वेत मारण्याचा हुकूम देत असे. या कर्मचाऱ्याच्या वर्तनाचे मूल्यमापन करताना हे विसरून चालणार नाही.

१८९७ च्या अधिनियमातील दोन तरतुदी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली तरतूद अशी की, प्रत्येक सुधारशाळेत मुलांना रात्री एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पुरेशी सोय असली पाहिजे. अन्न, पाणी, अंथरूण-पांघरूण, धंदेशिक्षण आणि आजाऱ्यांसाठी खोली यांच्या यादीत ही अट अगदी आरंभी येते. दुसरी तरतूद अभ्यागत समितीची. समितीच्या किमान एका सदस्याने दरमहा शाळेला भेट द्यावी, तक्रारी ऐकाव्यात आणि शिक्षावही तपासावी, असे त्यात म्हटले होते. शिक्षावही म्हणजे कोणत्या मुलाला कोणत्या कारणासाठी कोणती शिक्षा दिली याची नोंद.

वसाहतवादी शासनाला मुलांविषयी कळवळा होता, असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. सतद्रु सेन यांनी वसाहतकालीन बाल्यावरील आपल्या २००५ मधील ग्रंथात या संस्थांमागील सत्ताकारण उघड केले आहेच. तथापि शासनाला एक व्यावहारिक गोष्ट नेमकी कळली होती. बंदिस्त जागेतील धोका रात्री वाढतो आणि शिक्षा करणाऱ्या हाताची नोंद दुसऱ्या कोणीतरी वाचावी लागते. त्याच अधिनियमात मुलाच्या पलायनास साहाय्य करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. कर्मचाऱ्याची नोकरी 'मुलगा पळाला की नाही' या एकाच मोजपट्टीवर मोजली जाण्याची परंपरा अशा तरतुदींच्या सावलीत रुजली असावी. जिथे पळून जाणे हा सर्वांत मोठा प्रमाद ठरतो, तिथे कुलूप वाढते आणि हातही सैल सुटतो.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये आणि रिमांड होम यांची शिफारस केल्यावर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक अधिनियम केले. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. इंग्लंडच्या १९०८ च्या अधिनियमाच्या धर्तीवर, मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याच्याशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा ठरला. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) सुरू झाल्यावर प्रशिक्षित परिवीक्षा अधिकारी मिळू लागले. प्रशिक्षणाचा हा लाभ मुख्यतः वरच्या पदांपर्यंत पोहोचला. रात्रपाळीच्या माणसाला प्रशिक्षण देण्याचा विचार फार उशिरा झाला.

एक जिल्हा, तीन राजवटी

मुंबईचा हा इतिहास चंद्रपूरला जसाच्या तसा लागू होत नाही. तत्कालीन चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तेथे १९२८ मध्ये बालक अधिनियम आणि बोर्स्टल अधिनियम असे दोन स्वतंत्र कायदे झाले. सुधारशाळा जबलपूरला होती आणि बोर्स्टल नरसिंहपूरला. चांद्याच्या जंगलपट्ट्यातील एखाद्या मुलाला अशा संस्थेत धाडणे म्हणजे त्याला शेकडो मैल दूर, परक्या मुलखात पाठवणेच होते. आई-वडिलांची भेट ही वर्तनावरील सर्वांत जुनी आणि बिनखर्चाची देखरेख असते. एवढ्या अंतरावर ती संभवतच नव्हती.

जिवतीचा परिसर तर चांद्यातही नव्हता. माणिकगडच्या डोंगरावरचा हा भाग ज्या राजुरा तालुक्यात मोडत असे, तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो मुंबई राज्यात आला, काही काळ नांदेडला जोडलेला राहिला आणि नंतर चांद्यात समाविष्ट झाला. हैदराबादचा स्वतःचा बालक अधिनियम १९५१ चा, मध्य प्रांताचा १९२८ चा, तर मुंबईचा नवा अधिनियम १९४८ चा. आजच्या एकाच जिल्ह्याच्या मागे असे तीन कायदेशीर वारसे आहेत. देशभरात जवळपास एकसारखा कायदा लागू झाला तो १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने.

राज्य पुनर्रचनेनंतरच्या महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांतील रिमांड होम जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटनांनी चालवली. या संघटना नोंदणीकृत आणि शासकीय अनुदानावर चालणाऱ्या होत्या. त्यामुळे काही ठिकाणी शासकीय कर्मचारी, तर काही ठिकाणी अनुदानित संस्थेचे कर्मचारी असे दोन वर्ग निर्माण झाले. काम एकच, पण नोकरीचे संरक्षण वेगवेगळे. मारहाणीची तक्रार झाली तर उत्तरदायी कोण, आणि कर्मचाऱ्यालाच मार बसला तर त्याचा वाली कोण, हे दोन्ही प्रश्न या रचनेत अधांतरी राहिले.

मानखुर्दचा खटला

उत्तरदायित्वाच्या या प्रश्नाला न्यायालयीन उत्तर मिळाले ते शीला बर्से यांच्यामुळे. मानखुर्द येथील नव्या निरीक्षणगृहाच्या कारभाराविषयी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. घरी पाठवण्याचा आदेश होऊनही मुले पाठवली जात नाहीत, त्यांना दीर्घकाळ अडकवून ठेवले जाते, तेथे त्यांचा छळ होतो, अशा त्यातील तक्रारी होत्या. उच्च न्यायालयाच्या निर्णयावर समाधान न झाल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९८६ रोजी त्याचा निकाल लागला. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने 'राज्य' मानली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. मुलांचा निरीक्षणगृहातील मुक्काम लांबू नये आणि ती तेथे असेपर्यंत त्यांना रुचेल अशा कामात गुंतलेली असावीत, हेही न्यायालयाने सांगितले. परिवीक्षा अधिकारी आणि अधीक्षक या कामाविषयी आस्था असलेले असावेत, ही अपेक्षाही निकालात आहे.

या निकालाचे महत्त्व सामान्यतः अनुच्छेद १२ पुरते सांगितले जाते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने त्यातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. रिकामी आणि अनिश्चित काळासाठी अडकलेली मुले आपसांत भांडतात, पळतात, कर्मचाऱ्यावर धावून जातात. भेदरलेला कर्मचारी मग काठी उचलतो. मुलांचा मुक्काम कमी करणे आणि दिवस भरलेला ठेवणे हा कर्मचाऱ्याच्याही सुरक्षिततेचा मार्ग आहे.

वयोमर्यादा आणि वाढलेला ताण

१९८६ च्या अधिनियमात मुलांसाठी वयोमर्यादा १६ वर्षे आणि मुलींसाठी १८ वर्षे होती. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि २००० च्या अधिनियमाने दोघांसाठी मर्यादा १८ वर्षे केली. तत्त्वतः हा निर्णय योग्यच होता. मात्र १६ ते १८ वयोगटातील, शरीराने प्रौढ मुलगे आता लहान मुलांसाठी बांधलेल्या इमारतींत आणि त्याच जुन्या कर्मचाऱ्यांच्या हवाली आले. २०१५ च्या अधिनियमाने वय, लिंग, शारीरिक-मानसिक स्थिती आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून मुलांना वेगवेगळे ठेवण्यास सांगितले. १८९७ मधील रात्रीच्या अटीचाच हा विस्तार म्हणता येईल. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईच्या त्याच डेव्हिड ससून संस्थेत १६ वर्षांचा एक मुलगा मृत्यू पावला आणि सहवासी मुलांनी मारहाण केल्याचा आरोप झाला.

वर्तनाविषयीचा कायदा आता कडक आहे. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ७५ नुसार संस्थेतील कर्मचाऱ्याने केलेल्या क्रूरतेला पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ८२ नुसार शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा केल्यास पहिल्या दोषसिद्धीला दहा हजार रुपये दंड आहे आणि नोकरीही जाऊ शकते. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने निरीक्षणगृहाच्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार अधिक गंभीर प्रकारचा ठरवला. पलायनाबाबत तर चक्र पूर्ण उलटे फिरले आहे. पळून गेलेल्या मुलाविरुद्ध त्या कारणासाठी नवी कारवाई करता येत नाही.

कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेबद्दल मात्र अधिनियम जवळपास मौन पाळतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांनी अशा संस्थांतील कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगण्यास मनाई केली, ती रास्तच आहे. परंतु शस्त्राच्या जागी पुरेसे मनुष्यबळ आणि भांडण शमवण्याचे कौशल्य यावे लागते. संपूर्णा बेहुरा प्रकरणात ९ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बाल न्याय यंत्रणेतील रिक्त पदे भरण्याचे निर्देश द्यावे लागले.

जिवतीपासूनचे अंतर

जिवती तालुक्यात गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर बंजारा आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे राहतात. सीमेवरील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. ताब्यात घेतलेल्या मुलाला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे, असे कायदा म्हणतो, परंतु प्रवासाचा वेळ त्यातून वगळतो. डोंगरातल्या पाड्यासाठी हे चार शब्द किरकोळ नाहीत. त्या वगळलेल्या वेळेत मुलगा पोलिसांसोबत असतो.

जिवतीतील बहुसंख्य मुले निरीक्षणगृहाची पायरी कधीच चढत नाहीत. ती आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात. तेथेही रात्र अधीक्षक किंवा अधीक्षिकेच्या हाती असते. एप्रिल २०१९ मध्ये शेजारच्या राजुरा येथील एका खासगी शाळेच्या वसतिगृहात आदिवासी विद्यार्थिनींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपावरून तेथील कर्मचाऱ्यांविरुद्ध गुन्हा दाखल झाला, तेव्हा संस्थेचे नाव वेगळे असले तरी प्रश्न तोच असल्याचे जिल्ह्याने पाहिले.

त्यात भाषेची भर पडते. मंडळाच्या कामकाजात मुलाला भाषा समजत नसेल तर दुभाषा पुरवण्याची तरतूद अधिनियमात आहे. कामकाज संपल्यावर, दिवे मालवल्यावर, कोलामी बोलणारा मुलगा ज्या काळजीवाहकाकडे पाणी किंवा मदत मागतो, त्याच्यासाठी तशी तरतूद नाही. न समजलेली विनंती उद्धटपणा वाटते आणि न समजलेली ताकीद अपमान वाटते. संस्थेतील कितीतरी झटापटी अशाच सुरू होत असणार. गोंडी-कोलामी जाणणाऱ्या स्थानिक तरुणांना या पदांवर प्राधान्य देणे हा खर्चिक उपाय नाही. आज जिल्हा निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची असते. तिच्या पथकात किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. मुलांची भाषा जाणणारा एक तरी सदस्य असावा, अशी अट त्या कलमात नाही.