पुण्यात चार मतं, मुंबईत एक: प्रभागाच्या रेषेची गोष्ट

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी पुण्यातल्या मतदाराला चार मतं द्यायची होती. त्याच दिवशी मुंबईतल्या मतदाराला एकच. आणि पुण्यातच बालाजीनगर-आंबेगाव-कात्रज या ३८ नंबरच्या प्रभागात पाच. राज्य तेच, निवडणूक आयोग तोच, तारीखही तीच. हे असं का, हे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, आणि काहींना वाटत होतं की आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे. तसं नाहीये. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडच्या वॉर्डाची गोष्ट मुंबईपासून सांगावी लागते. १८६५ ला आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. क्रॉफर्ड मार्केटवाला तोच. माणूस कामाचा, पण खर्चाला हात सैल. कराचा बोजा वाढला आणि १८७१ ला घरपट्टी भरणारी मंडळी भडकली. पैसा आमचा, मग हिशोब विचारणारे आमचे का नकोत? त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासद, त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे. पुढे १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले, त्यातले वॉर्डांतून निवडून येणारे ३६. हा कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा वाटा मोठा.

पण तो वॉर्ड करदात्यांचा होता. चाळीतल्या खोलीत राहणारा गिरणी कामगार वॉर्डात राहायचा, वॉर्डाच्या यादीत नसायचा. १९२२ ला दरमहा १० रुपये भाडं भरणाऱ्यालाही मत मिळालं, तरी गिरणगावातल्या बहुतेक खोल्यांचं भाडं त्याच्या खालीच होतं. सगळ्या प्रौढांना मत देऊन मुंबईची निवडणूक झाली ती १९४८ ला.

१८८८ चा कायदा दुरुस्त होत होत मुंबईत अजून चालू आहे. बाकी महापालिकांसाठी १९४९ चा वेगळा कायदा झाला, आणि १५ फेब्रुवारी १९५० ला पुण्याची नगरपालिका महापालिका झाली. इथेच गाडी दोन रुळांवर गेली.

१९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. वॉर्ड, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग हे सगळं घटनेत आलं. पण एका वॉर्डातून किती जण निवडायचे, हे राज्याच्या कायद्यावर राहिलं. त्या एवढ्याशा जागेत पुढचं सगळं राजकारण मावलं.

पुण्याचंच बघा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग. २००७ ला एक सदस्य, एक वॉर्ड. २०१२ ला दोनचा प्रभाग, ७६ प्रभागांतून १५२ नगरसेवक. २०१७ ला चारचा, ४१ प्रभाग, १६२ नगरसेवक. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने विधिमंडळात ठरवलं, पुन्हा एकचा. २०२१ मध्ये त्याच सरकारने ठरवलं, नको, तीनचा. त्याप्रमाणे पुण्यात ५८ प्रभाग आणि १७३ जागांची रचना होऊन अंतिमसुद्धा झाली. मग सरकार बदललं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती रद्द होऊन गाडी परत चारवर. मुंबईत वॉर्ड एकसदस्यीयच राहिले, पण २२७ चे २३६ आणि २३६ चे परत २२७ हा खेळ त्याच काळात झाला.

कुठल्या पक्षाने काय केलं याची यादी कमेंटमध्ये कुणीतरी टाकेलच. मला त्यात फार रस नाही, कारण सत्तेत असताना ही रेष हलवायचा मोह कुणालाच आवरलेला नाही. मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचे अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारी विधेयकं आली, तेव्हा दोन्ही सभागृहांत ती एकमताने मंजूर झाली. ओबीसी आरक्षणाचा पेच हे कारण होतं, ते खरंही होतं. पण एकमत मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष रेष कशी पडते ते सांगतो, कारण हे फार कमी लोक बघतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याची प्रारूप रचना आली तेव्हा आम्ही सोसायटीतले तिघे नकाशा लॅपटॉपवर उघडून बसलो होतो. सगळ्यात लहान वीट असते प्रगणक गट, म्हणजे जनगणनेला एका प्रगणकाकडे दिलेला घरांचा तुकडा. तो फोडायचा नाही. असे गट जोडत जोडत प्रभाग बनवायचा. सुरुवात उत्तरेकडून, मग ईशान्य, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला, आणि नंबरही त्याच क्रमाने. म्हणून कळस-धानोरी-लोहगाव हा प्रभाग १ आणि महंमदवाडी-उंड्री थेट ४१. हद्द शक्यतो नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता अशी धरायची.

जागांचं गणित कायद्यात आहे. ३० लाख लोकसंख्येपर्यंत १६१, पुढे दर लाखाला एक. हद्दीत आलेली गावं धरून पुण्याची लोकसंख्या निघाली सुमारे ३४ लाख ८१ हजार, म्हणून १६५ जागा. चाळीस प्रभाग चारचे, एक पाचचा. चारच्या प्रभागाची सरासरी ८४ हजार, त्यात दहा टक्के कमीजास्त चालतं. म्हणजे कायदेशीरपणे एक प्रभाग ७६ हजारांचा आणि शेजारचा ९२ हजारांचा असू शकतो.

पण ही लोकसंख्या २०११ ची आहे! २०२१ ची जनगणना झालीच नाही. या निवडणुकीच्या मतदार यादीतच ३५ लाखांच्या वर नावं होती. ज्या लोकसंख्येवर प्रभाग पाडले, तिच्यापेक्षा मतदार जास्त. यादीत दुबार नावं आहेत हे मान्य, तरी बाणेर, वाघोली, आंबेगाव या बाजूला पंधरा वर्षांत काय उभं राहिलंय ते रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याला सांगायला नको. पेठांमधल्या मताचं आणि तिकडच्या मताचं वजन कागदावर सारखं, प्रत्यक्षात नाही.

चारच्या प्रभागाची बाजू घेणारेही मला भेटतात, आणि त्यांचा एक मुद्दा पक्का आहे. एकसदस्यीय पद्धतीत सोडतीत वॉर्ड राखीव निघाला की पाच वर्षं काम केलेला माणूस घरी बसतो, किंवा बायकोला उभं करतो. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. चारच्या प्रभागात सगळ्यांना जागा राहते, एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्याची हकालपट्टी असं होत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही मी एकच्या बाजूचा आहे. पुण्यात एकचा वॉर्ड केला तर तो साधारण २१ हजार लोकांचा होईल. एवढ्या लोकांपर्यंत पायी फिरून पोचता येतं. ८४ हजारांपर्यंत पोचायला पक्ष लागतो, पॅनल लागतं, पैसा लागतो. गल्लीत दहा वर्षं पाण्यासाठी भांडलेला अपक्ष इथेच संपतो. (मुंबईचा वॉर्ड तरी कुठे लहान आहे म्हणा, सरासरी ५५ हजारांच्या आसपास.)

दुसरं म्हणजे जबाबदारी. २०१७ नंतर आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबायचं. चार नगरसेवक, चारही आमचेच. पहिल्याने सांगितलं, तो पट्टा दुसऱ्यांकडे. दुसऱ्यांच्या माणसाने सांगितलं, निधी तिसऱ्यांनी टाकलाय. कायद्याने चौघेही पूर्ण प्रभागाचे, पण आत त्यांनी आपापले इलाखे वाटून घेतलेले. ती वाटणी कुठल्याही नकाशात नव्हती, त्यावर हरकत घ्यायची सोय नव्हती. आणि मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर तर विचारायला तेही राहिले नाहीत. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे चक्र हललं.

नवी जनगणना आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होणार आहे. तिचे आकडे आले की १६५ हा आकडा आणि ४१ प्रभागांच्या रेषा पुन्हा हलतील, आणि एक, दोन, तीन की चार हा प्रश्न पुन्हा मंत्रिमंडळापुढे जाईल. प्रारूप नकाशावर हरकती घ्यायला मुदत थोडीच मिळते. यावेळी आमच्यासारखे बरेच जण सुनावणीला काय बोलायचं ते आदल्या रात्री शोधत होते. तुमच्या भागाचे प्रगणक गट कुठले आणि ते कुठल्या प्रभागात टाकलेत, एवढं काढून ठेवा. हरकत त्या नंबरांसकट लिहिली तर उत्तर द्यावं लागतं, ‘आमचा भाग तोडला’ एवढंच लिहिलं तर नाही.