सैनिकी अपंगत्व-भरपाई व लैंगिक अक्षमता

सैनिकी सेवेत झालेल्या इजेमुळे किंवा जडलेल्या रोगामुळे पुरुष माजी सैनिकाच्या लिंगाची ताठरता नष्ट वा क्षीण झाल्यास त्याबद्दल मिळणारी शासकीय भरपाई, तसेच ती नाकारली गेल्यास किंवा अपुरी वाटल्यास करण्यात येणारी अपिले. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्थेचा विचार केला आहे. तेथील भरपाईचे मूळ माप कमाईच्या क्षमतेत पडलेली तूट हे आहे. लैंगिक अक्षमतेने मात्र माणसाची मजुरी सहसा घटत नाही. तिचा आघात दांपत्यजीवन, अपत्यप्राप्ती व आत्मसन्मान यांवर होतो. हे नुकसान कोणत्या मापाने मोजावे, या प्रश्नाभोवती या अपिलांचा इतिहास गुंफलेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वसाहतीच्या रक्षणार्थ लढताना अपंग झालेल्या सैनिकाचे आयुष्यभर पोषण करण्याची जबाबदारी प्लिमथ वसाहतीने १६३६ मध्ये स्वीकारली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ऑगस्ट १७७६ मध्ये, खंडीय काँग्रेसने अवयव गमावलेल्या किंवा गंभीर अपंगत्व आलेल्या सैनिकांना अर्ध्या वेतनाचे आश्वासन दिले. यादवी युद्धातील १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या साध्या सैनिकास दरमहा ८ डॉलर ठरविले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१७ मध्ये, विधिमंडळाने नवे तत्त्व घालून दिले : नागरी व्यवसायांत त्या प्रकारच्या अपंगत्वामुळे सरासरी जेवढी कमाई घटेल, त्या प्रमाणात भरपाई द्यावी. त्यानुसार निरनिराळ्या विकारांना शून्य ते शंभर टक्क्यांपर्यंत अपंगत्व नेमून देणारी अनुसूची तयार झाली. १९४५ ची अनुसूची, वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, आजच्या अनुसूचीचा पाया आहे.

विशेष मासिक भरपाई : सरासरी कमाईच्या मापात न बसणाऱ्या हानींसाठी कायद्याने वेगळी तरतूद केली होती. हात, पाय किंवा डोळा गमावणाऱ्यास टक्केवारीवरील रकमेखेरीज एक ठराविक मासिक रक्कम मिळे. १९५२ च्या कायद्याने तीत प्रजोत्पादक अवयव नाहीसा होणे किंवा त्याचा उपयोग नष्ट होणे या हानीचा समावेश केला. १९५८ च्या संहितेत ही रक्कम दरमहा ४७ डॉलर होती. २०२४ मध्ये ती १३२.७४ डॉलर होती. देहाच्या अखंडतेला पोहोचलेली बाधा व तिच्यामुळे होणारा मानसिक आघात यांची दखल घेणे, हा या तरतुदीमागील हेतू मानला जातो. रक्कम अल्प असली, तरी मजुरीशी संबंध नसलेल्या हानीस राष्ट्राने दिलेली ती मान्यता होय. संहितेच्या याच कलमात स्त्री सैनिकांच्या स्तनहानीचा समावेश २००० मध्ये झाला.

अपिलांची यंत्रणा : १९३३ मध्ये काटकसरीच्या कायद्याने भरपाईविषयक निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने माजी सैनिक अपील मंडळ स्थापन झाले. मंडळाचा शब्द अंतिम असल्याने सु. ५५ वर्षे या निर्णयांवर सर्वसाधारण न्यायालयीन पुनर्विलोकन नव्हते. १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय स्थापून ही उणीव दूर केली. या न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले की, बाजूचा व विरुद्धचा पुरावा जवळजवळ समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. २०१७ चा सुधारणा कायदा फेब्रुवारी २०१९ पासून अंमलात आला. नव्या पुराव्यासह पूरक दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून पुनर्विलोकन किंवा थेट मंडळाकडे अपील, असे तीन मार्ग आता उपलब्ध आहेत.

कारणपरंपरा व पुरावा : शरीरशास्त्रदृष्ट्या ताठरता ही रक्तवाहिन्या, तंत्रिका, संप्रेरके व मन यांच्या संयुक्त क्रियेवर अवलंबून असते. त्यामुळे यांपैकी कोणत्याही घटकास बाधा पोहोचविणारा विकार या दोषाचे कारण ठरू शकतो. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने ‘नपुंसकत्व’ या अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी ताठरतेचा दोष अशा अर्थाची संज्ञा वापरण्याची शिफारस केली. या बदलामुळे पुरुषत्वावरील कलंकाची छटा जाऊन विकाराचे वैद्यकीय स्वरूप पुढे आले.

बहुसंख्य दावे प्रत्यक्ष जखमेचे नसून दुय्यम संबंधाचे असतात. म्हणजे सेवेशी जोडलेल्या एका विकारातून दुसरा उद्‌भवल्याचे त्यांत दाखवावे लागते. व्हिएटनाममध्ये वापरलेल्या एजंट ऑरेंज या वनस्पतिनाशकाच्या संपर्कात आलेल्या सैनिकांच्या बाबतीत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १९९६ पासून व प्रौढ वयातील मधुमेह २००१ पासून सेवाजन्य गृहीत धरला जातो. मधुमेहाने रक्तवाहिन्या व तंत्रिका क्षीण होतात, तर कर्करोगावरील शस्त्रक्रियेत ताठरतेच्या तंत्रिका दुखावू शकतात. २०२२ च्या कायद्याने या सैनिकांच्या बाबतीत उच्च रक्तदाबही गृहीत विकारांत घातला. युद्धोत्तर मानसिक विकारांवर व रक्तदाबावर दिली जाणारी काही औषधेही ताठरता घटवितात. सेवाजन्य विकारामुळे आधीचा दोष बळावला, तर वाढलेल्या भागापुरती भरपाई देय ठरते, असा निर्णय न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.

पुराव्याच्या बाबतीत हे दावे विशेष नाजूक ठरतात. संकोचामुळे अनेक सैनिक ही व्यथा सेवाकाळात वैद्यांना सांगत नाहीत. साहजिकच सेवेतील वैद्यकीय कागदपत्रांत तिची नोंद नसते. स्वतःला जाणवणाऱ्या लक्षणांविषयी सैनिकाचे व त्याच्या पत्नीचे निवेदन विचारात घेणे मंडळास आवश्यक असते. पण कारणसंबंधासाठी सहसा वैद्यकीय मत लागते. जी गोष्ट घरातही उच्चारली गेली नाही, ती शासकीय अर्जात लिहिण्याची वेळ त्या दांपत्यावर येते.

टक्केवारीचा वाद : २०२१ पूर्वीच्या अनुसूचीत ताठरतेचा नाश व लिंगाची विरूपता या दोन्ही गोष्टी एकत्र असल्यासच २० टक्के अपंगत्व धरले जाई. विरूपता नसलेल्यास सेवासंबंध मान्य होऊनही शून्य टक्के मिळत. विरूपता म्हणजे केवळ बाहेरून दिसणारी व्यंगता काय, असा प्रश्न एका अपिलात उपस्थित झाला. ती बाह्य किंवा आंतरिकही असू शकते, असा निर्णय न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुधारित अनुसूची अंमलात आली. तिच्यानुसार विरूपता असो वा नसो, या दोषास शून्य टक्के दिले जातात व विशेष मासिक भरपाईचा विचार स्वतंत्रपणे होतो. केवळ अनुसूची बदलली म्हणून आधी मान्य झालेली टक्केवारी कमी करता येत नाही.

शून्य टक्के म्हणजे दाव्याचा अस्वीकार नव्हे. सेवासंबंध मान्य झाल्यामुळेच विशेष भरपाईचे दार उघडते व त्या विकारावरील उपचारांचा हक्क पक्का होतो. तथापि निर्णयपत्रातील ‘शून्य’ हा आकडा वाचून अनेकांना आपली व्यथाच नाकारली गेली असे वाटते.

इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांनी या प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. तेथे जमिनीत पेरलेल्या स्फोटकांनी पायदळातील तरुणांच्या कमरेखालील भागाला भयंकर जखमा केल्या. २००१ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या १,३६७ पुरुष सैनिकांना जननमूत्र मार्गाच्या इजा झाल्याची नोंद आहे. अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर मार्च २०१८ मध्ये बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिंग व वृषणकोश यांचे प्रतिरोपण करण्यात आले. सेवाजन्य कारणाने वंध्यत्व आलेल्या माजी सैनिकांना शासकीय खर्चाने शरीरबाह्य फलनाची सोय २०१६ च्या कायद्याने मिळाली.

पाय गमावलेल्या सैनिकाचे ऋण समाजाला डोळ्यांनी दिसते; या हानीचे ऋण अदृश्य राहते व ती सोसणाराच ते बहुधा लपवितो. १९१७ च्या तत्त्वाने मजुरीची तूट मोजली, १९५२ च्या तरतुदीने त्यापलीकडील हानी मान्य केली. परंतु दोन्ही मापे एका सूत्रात आणणे अद्याप साधलेले नाही. त्यामुळे अपिलाचा महत्त्वाचा उपयोग रकमेच्या वाढीपेक्षाही, ही इजा राष्ट्रसेवेतच झाली, हे लेखी मान्य करून घेण्यात आहे.